फ्लाय ॲश आणि तुसाची राख: सिलिका तीच, गुण वेगळा

भाताचे तूस जाळून उरलेली राख सिमेंटमध्ये खुशाल मिसळावी, असा सल्ला कोकणात हल्ली सहज दिला जातो आणि त्याचे समर्थन ठरलेले असते: फ्लाय ॲश, म्हणजे वीजकेंद्रातल्या कोळशाची बारीक राख, चालते, तर मग ही का चालू नये?

फ्लाय ॲशची ओळख नव्याने करून द्यायला नको, कारण बाजारातल्या पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना) सिमेंटच्या गोणीत ती १५ ते ३५ टक्के असतेच. तिचे कण गोल असतात, तर तुसाच्या राखेचे कण सच्छिद्र, त्यामुळे ही राख पाणी जास्त ओढते आणि दळल्याशिवाय उपयोगी पडत नाही.

खरी फसगत सिलिकाच्या, म्हणजे वाळूचा मुख्य घटक असलेल्या द्रव्याच्या, टक्केवारीत होते. तुसाच्या राखेत सिलिका साधारण ८५ ते ९५ टक्के असते, आणि हा आकडा पुढे करून ती फ्लाय ॲशपेक्षा सरस ठरवली जाते. परंतु क्वार्ट्झची वाळूही सिलिकाच असते आणि तिला कोणी सिमेंटचा पर्याय म्हणत नाही. सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी संयोग पावून बंध निर्माण करण्याचे काम फक्त अस्फटिक, म्हणजे अणूंची रचना विस्कळीत असलेली सिलिका नीट करते. रचना घट्ट बसून स्फटिक तयार झाले की तीच सिलिका जवळजवळ निष्क्रिय होते. वीजकेंद्राच्या भट्टीत कोळशातील खनिज कण वितळतात आणि धुरासोबत बाहेर पडताना इतक्या झटपट थंड होतात की बराचसा भाग काचेसारखा अस्फटिकच राहतो. तुसाची राख वितळत नाही. तिच्यातली सिलिका मुळातच अस्फटिक असते, आणि सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या आत जाळल्यास ती तशीच टिकते. ८०० च्या पुढे बराच वेळ तापत राहिल्यास मात्र स्फटिक बनू लागतात. म्हणजे ‘कडक भाजली की चांगली राख’ हा समज नेमका उलटा आहे. भातगिरणीच्या मागे पेटवून दिलेल्या ढिगात वरचा थर अर्धवट जळून काळा राहतो आणि पोटातला भाग धुमसत पांढरा होतो, आणि लोक हौसेने तो पांढरा भाग निवडतात. पांढरेपणा एवढेच सांगतो की कार्बन जळून गेला. सिलिका कोणत्या रूपात उरली, ते रंगावरून कळत नाही. शिवाय स्फटिकी राख दळताना उडणारी धूळ छातीत गेली की सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजाराचा धोका असतो.

भारतीय मानक आयएस ४५६ (२०००) तुसाच्या राखेला परवानगी देते, पण ती सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने आणि अपेक्षित गुणधर्म व एकसारखेपणा असेल तरच. प्रत्येक ठिकाणची राख तपासून घ्यावी, कारण ती काँक्रीटमध्ये गाळाइतकीच घातक ठरू शकते, असेही तिथे म्हटले आहे. खाडीतला गाळ कोणी स्लॅबमध्ये ओतणार नाही, पण न तपासलेली राख ‘पर्यावरणपूरक’ म्हणून ओतली जाते, याची मला चीड येते.

नियंत्रित तापमानात जाळून बारीक दळलेली राख मात्र किनाऱ्यावर फार कामाची आहे. ती काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रे भरते, त्यामुळे खाऱ्या हवेतले, सळई गंजवणारे क्लोराइड तिच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. सिमेंटच्या जागी १० ते १५ टक्के घातल्यास पुरते, अर्थात पाण्याचे प्रमाण वाढवण्याऐवजी प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही काँक्रीट प्रवाही ठेवणारे रसायन) वापरून. हे प्रमाण साध्या, राख न मिसळलेल्या ओपीसी सिमेंटसाठी आहे. पीपीसीत फ्लाय ॲश आधीच असल्याने त्यात वरून राख घालायची, तर आधी चाचणीचे ठोकळे पाडून ताकद पाहावी. हलरच्या गिरणीतून कोंड्यासह निघणारे तूस आणि चुलीतली लाकडाची राख या दोन्ही गोष्टी यापासून दूर ठेवाव्यात. चुलीच्या राखेत सिलिका थोडी आणि क्षार भरपूर, तेव्हा तिची जागा माडाच्या आळ्यात.