फुरसे, विंचू आणि दोन तऱ्हेची औषधे

कोकणच्या कातळसड्यांवर आणि जांभ्याच्या गडग्यांत फुरसे आणि लाल विंचू दोन्ही आढळतात. दोन्हींच्या विषावर आज औषध आहे, मात्र ती औषधे शरीरात अगदी निरनिराळ्या रीतीने काम करतात.

फुरशाचे विष रक्त गोठवणारी यंत्रणा अकारण चेतवते. त्यात फायब्रिनोजेनसारखी प्रथिने खर्ची पडतात आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. हे ओळखण्याची चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवतात, मग तिरकी करून पाहतात. रक्त पातळच राहिले असेल तर प्रतिविष सुरू करतात. घोड्यांना थोडे थोडे विष टोचल्यावर त्यांच्या रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात, त्यांपासून हे औषध बनते, आणि भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांसाठी असते. चापडा हा विषारी साप त्यांत नाही, ही कोकणाच्या दृष्टीने मोठीच उणीव आहे. प्रतिपिंडे विषाच्या रेणूंना चिकटून त्यांना निकामी करतात, पण खर्ची पडलेली प्रथिने परत आणू शकत नाहीत. ती यकृतालाच नव्याने बनवावी लागतात, म्हणून रक्ताची चाचणी 6 तासांनी पुन्हा करतात. मांत्रिकाच्या ओसरीवर गेलेला वेळ इतका महाग पडतो तो यामुळेच.

विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते. त्यामुळे ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटली जातात, रुग्णाला दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तवाहिन्या आवळल्याने हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी येथे रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही साधी गोळी वापरली आणि 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून तिचे परिणाम मांडले. ही गोळी विषाला स्पर्शही करत नाही. ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तवाहिन्यांवर ज्या ठिकाणी चिकटून परिणाम करतात, त्या अल्फा ग्राहींवर ती आधीच जागा अडवून बसते, त्यामुळे लोटलेल्या द्रव्यांचा तेथे प्रभाव पडत नाही आणि आवळलेल्या वाहिन्या सैलावतात. रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून गोळी दिल्यावर रुग्णाला आडवे ठेवावे लागते. पुढे महाडमध्येच झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष मिळालेले रुग्ण केवळ प्रॅझोसिन घेतलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले.