ईशान्येचा दोष आणि काळ्या मातीचे गुण

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडची भिंत दर उन्हाळ्यात तडकते. यंदा एका वास्तुतज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी होकायंत्र फिरवलं, "ईशान्येला दोष आहे" म्हणाले आणि त्या कोपऱ्यात तांब्याचा पिरॅमिड पुरून गेले. फुकट नव्हे, अर्थातच. गवंड्याने मात्र केव्हाच निकाल दिला होता : "साहेब, मुरूम लागेपर्यंत खणलंच नाही तुम्ही. काळ्या मातीवरची भिंत हलणारच."

कात्रजच्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे थांबून बघा. वर वीतभर माती, खाली पिवळसर मुरूम, त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे आणि तळाशी काळा पाषाण, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि त्याहून कितीतरी जास्त मुळांच्या श्वसनातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. त्याचं सौम्य आम्ल खडकाच्या चिरांत उतरतं. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी चढाई करतं, कडेवर दोन, सपाट अंगावर एकाच. कोपरे आधी झिजतात आणि ठोकळ्याचा गोटा होतो.

खडकातली खनिजं फुटून सिलिका, मॅग्नेशियम, कॅल्शियम पाण्यात येतात. महाबळेश्वरला लाखो वर्षांच्या धुवांधार पावसाने ते वाहून नेलं. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, तो लाल जांभा. पुण्यात पाऊस त्याच्या सात-आठ पट कमी. इथे हा माल जागेवरच राहतो आणि त्यातून स्मेक्टाइट नावाची चिकणमाती जुळून येते. खडक एकच, माती दोन तऱ्हांची.

स्मेक्टाइटवर माझा जीव आहे, तेव्हा थोडं सहन करा. त्याचा एक थर म्हणजे सँडविच : वर-खाली सिलिकाच्या चादरी, मध्ये ॲल्युमिनियमची. जाडी जेमतेम एक नॅनोमीटर. मधल्या चादरीत काही ठिकाणी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेलं असतं. पहिल्याचा भार अधिक तीन, दुसऱ्याचा अधिक दोन. म्हणजे अशा प्रत्येक जागी एक धन भार कमी पडतो आणि अख्खा थर ऋण होतो. हिशेब मिटवायला दोन थरांच्या मध्ये कॅल्शियमचे आयन येऊन बसतात. त्यांना पाण्याची भारी ओढ. पाऊस पडला की पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती गोळा होतात आणि थर एकमेकांपासून दूर ढकलले जातात. माती फुगते. मे महिन्यात पाणी निघून गेलं की थर पुन्हा चिकटतात, जमीन आक्रसते, भेगा पडतात. परवा भिंतीलगतच्या एका भेगेत मी फूटपट्टी सोडली. पुरी आत गेली. हे सगळे थर सुटे करून पसरले, तर एका ग्रॅम स्मेक्टाइटचं क्षेत्रफळ ७०० ते ८०० चौरस मीटर भरतं. दहाएक टू बीएचकेची फरशी, चिमूटभर मातीत!

जाता जाता : काळी म्हणजे सेंद्रिय, हाही गैरसमजच. आपल्या काळ्या रानात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो. तो चिकणमातीला घट्ट धरून बसतो, म्हणून रंग गडद दिसतो. नर्सरीत '१०० टक्के सेंद्रिय माती' लिहिलेली पिशवी मिळते. आत खत असेल, कोकोपीट असेल. पण खडकाचा चुराच नसेल तर ती माती कसली?

राहता राहिला पिरॅमिड. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगांत पडते. पावसाळ्यात खालची माती फुगते, तेव्हा तिची जागा आधीच भरलेली असते. मग ती वर सरकते आणि सोबत दगडगोटेही आणते. शेतकरी दरवर्षी दगड वेचतो आणि पुढच्या वर्षी नवे हजर असतात, त्यामागे हाही एक हात आहे. तेव्हा काही वर्षांनी ईशान्येच्या कोपऱ्यात तांबं चमकताना दिसलं, तर ते कुणी उकरलं म्हणून वॉचमनला धारेवर धरू नका.