घरगुती कंपोस्ट

घरगुती कंपोस्ट म्हणजे स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि सुका पालापाचोळा बादलीत, कुंडीत किंवा जाळीदार क्रेटमध्ये एकत्र कुजवून केलेले सेंद्रिय खत. कुजवण्याचे काम हवेवर जगणारे जिवाणू आणि बुरशी करतात. त्यांना ओलावाही लागतो आणि हवाही, आणि ही दोन्ही एका बादलीत टिकवणे हीच यातली सगळी कसोटी. ओला कचरा रोज आपोआप साठतो, पाला मात्र आठवणीने गोळा करून ठेवावा लागतो. खत फसते ते बहुतेक वेळा पाला कमी पडल्यामुळे.

कंपोस्टच्या शास्त्रशुद्ध पद्धतींपैकी इंदूर पद्धत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी कमी शेणात जास्त खत देणारी, भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्याची ‘नाडेप’ पद्धत रूढ केली. हे टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असते. बादलीतले खत त्याच तत्त्वावर, फक्त लहान मापात होते.

कुजण्याच्या मिश्रणात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असावे लागते. भाजीच्या कचऱ्यात ते १५ ते २० च्या आसपास, तर सुक्या पाल्यात ५० च्या पुढे असते. शिवाय भाजीच्या सालपटांत सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणून १ किलो कचऱ्याला २५० ते ४०० ग्रॅम सुका पाला लागतो. वजनात हे थोडे वाटते, पण पाला हलका असल्याने मापात ते कचऱ्याच्या दीडपट ते दुप्पट भरते. वजनाच्या अंदाजाने मूठभर पाला टाकला की बादलीत लगदा होतो.

पानगळीच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्च, पाला पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावा, कारण पावसाळ्यात सुके पान मिळत नाही. गुलमोहर आणि विलायती शिरीषाची बारीक पाने लवकर कुजतात. आंबा आणि फणसाची चिवट पाने हाताने चुरूनच घालावीत. रस्त्याकडेला हा पाला जाळला जातो, हे फार मोठे नुकसान आहे. पाला नसेल तर लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुगा, चालते, मात्र ते सावकाश कुजते.

चार माणसांच्या घराला ४० ते ५० लिटरच्या दोन बादल्या पुरतात. तळाला आणि बाजूंना पेन्सिलीएवढी भोके पाडून बादली दोन विटांवर ठेवावी, खाली ताटली सरकवावी. तळाशी ८ ते १० सेंटिमीटर नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा काटक्या, त्यावर पाला आणि विरजण म्हणून २ किलो जुने खत घालावे. खत नसेल तर लिटरभर पाण्यात मूठभर ताजे शेण, थोडे आंबट ताक आणि गुळाचा खडा कालवून शिंपडावे. कचरा बोटाच्या पेरापेक्षा मोठा नसावा. रोजच्या कचऱ्यावर पाल्याचा थर द्यावा आणि आठवड्यातून दोनदा तळापर्यंत ढवळावे. दोन-चार दिवसांत आत हात घातला तर ऊब लागते.

मूठ दाबल्यावर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली तर पाला घालून ढवळावे. मूठ उघडताच मिश्रण विस्कटले तर पाणी शिंपडावे. मुंग्या हे कोरडेपणाचे लक्षण आहे. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा संपली. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त झाले. दोन्हींवर उपाय पाला आणि ढवळणे हाच. पांढरी बुरशी चांगली. करड्या, जाड अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा भराभर खातात, त्यांना मारू नये. चिलटे होतात ती उघड्या राहिलेल्या फळांच्या सालींवर. मांस, मासळी आणि तेलकट अन्नाने उंदीर येतात. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी वर्षभरही तशाच राहतात.

भरलेली बादली ४५ ते ६० दिवस बाजूला ठेवावी, या काळातही अधूनमधून ढवळावे. माल निम्म्याहून खाली बसतो, काळपट होतो आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. खात्रीसाठी ओंजळभर खत पिशवीत तीन दिवस बांधून ठेवावे. उघडताना आंबूस वास आला तर ते कच्चे आहे. कच्चे खत कुंडीत कुजताना मातीतले नत्र ओढून घेते आणि पाने पिवळी पडतात.

तयार खत कुंडीच्या मातीत चौथा ते तिसरा हिस्सा मिसळावे. चाळणीवर उरलेले जाड तुकडे पुढच्या बादलीच्या तळाशी घालावेत. त्यांवर जिवाणू आधीच वाढलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला वेगळे विरजण लागत नाही.