टेक डेमो गेम

नवे यंत्र, नवी चिप, नवा कंट्रोलर किंवा चित्र रंगवण्याची नवी पद्धत काय करू शकते हे लोकांना दाखवण्यासाठी तयार केलेला व्हिडिओ गेम. नुसता टेक डेमो हा बघण्यापुरता असतो. त्यात हरण्या-जिंकण्याला जागा मिळाली की त्याचा गेम होतो. कन्सोलबरोबर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राबरोबर) फुकट मिळणारे गेम, ग्राफिक्स कार्डाच्या प्रचारासाठी काढलेल्या आवृत्त्या आणि त्या काळच्या कॉम्प्युटरला घाम फोडणारे काही मोठे गेम या प्रकारात मोडतात. समीक्षक यांना बऱ्याचदा जाहिरात समजून बाजूला सारतात. हा अन्याय आहे, कारण व्हिडिओ गेमचा जन्मच प्रात्यक्षिकातून झाला.

1950 साली टोरांटोच्या कॅनेडियन नॅशनल एक्झिबिशनमध्ये जोसेफ केट्स यांनी ‘बर्टी द ब्रेन’ हे सुमारे 4 मीटर उंचीचे यंत्र मांडले. ते प्रेक्षकांशी फुली-गोळा खेळे. केट्स यांना खरे तर आपली ‘ॲडिट्रॉन’ ही नवी व्हॅक्यूम ट्यूब दाखवायची होती. पुढच्याच वर्षी फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये फेरांटी कंपनीने ‘निमरॉड’ हा कॉम्प्युटर ठेवला. काड्यांच्या ढिगांचा ‘निम’ हा खेळ खेळण्यापलीकडे त्याला काही येत नव्हते. कॉम्प्युटर हिशेब कसा करतो हे लोकांनी समजून घ्यावे अशी कंपनीची अपेक्षा होती, पण लोकांना खेळायचे होते. 1958 मध्ये अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांच्या दिवसासाठी ऑसिलोस्कोपच्या (विजेच्या लहरी दाखवणाऱ्या उपकरणाच्या) छोट्या पडद्यावर टेनिस आणले, तेव्हाही तेच झाले. रांग खेळासाठी लागली.

या घराण्यातला पहिला अव्वल गेम म्हणजे 1962 चा ‘स्पेसवॉर!’. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डीईसी कंपनीचा पीडीपी-1 हा कॉम्प्युटर आला, त्याला गोल पडदा जोडलेला होता. स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन यांनी चांगल्या प्रात्यक्षिकाच्या अटी आधी ठरवल्या: यंत्राची ताकद शेवटच्या टोकापर्यंत वापरली जावी, प्रत्येक वेळी काही वेगळे घडावे आणि बघणाऱ्याला त्यात हात घालता यावा. मग रसेल यांनी दोन अंतराळयानांची लढाई लिहिली. डॅन एडवर्ड्स यांनी मधल्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण घातले, तर पीटर सॅमसन यांनी मागे खरे तारांगण उभे केले. गुरुत्वाकर्षणाचे गणित दर क्षणी करावे लागे, म्हणून तेच यंत्राच्या वेगाचे प्रात्यक्षिक होते. आणि त्याच ओढीचा फायदा घेऊन यान ताऱ्याभोवती वळवणे हीच खेळाडूची मुख्य युक्ती होती. डीईसीचे तंत्रज्ञ नवे यंत्र तपासायला हाच गेम चालवू लागले. या प्रकाराची कसोटी इथेच ठरते: यंत्राचे वैशिष्ट्य खेळाच्या नियमात उतरले पाहिजे.

ही कसोटी निन्टेन्डोने सर्वांत नेमकेपणाने पाळली. 21 नोव्हेंबर 1990 रोजी जपानमध्ये त्यांचा सुपर फॅमिकॉम हा कन्सोल आला. त्याच्या ‘मोड 7’ या सोयीत पार्श्वभूमीचे एक सपाट चित्र फिरवता येई, लहान-मोठे करता येई. पडद्याची प्रत्येक आडवी ओळ रंगवताना हे प्रमाण थोडे थोडे बदलले, वरच्या ओळी लहान आणि खालच्या मोठ्या केल्या, की तेच चित्र सतरंजीसारखे पुढे दूरवर अंथरलेले दिसते. यंत्रात खरी त्रिमिती नाहीच, उंचसखलपणाही नाही. म्हणूनच ‘एफ-झीरो’मधला शर्यतीचा रस्ता सपाट आहे, सगळी गंमत वेगात आणि वळणांत. महिनाभरात आलेल्या ‘पायलटविंग्ज’ने खेळाडूला विमानात बसवले, कारण उंचावरून पाहताना जमीन सपाटच वाटते! उणीव झाकण्याऐवजी तिलाच शोभेल असा विषय शोधणे, यात मोठी कारागिरी आहे. 1993 च्या ‘स्टार फॉक्स’ने पुढची पायरी गाठली. त्रिमितीय आकृत्यांचे गणित करणारी, ब्रिटनच्या अर्गोनॉट सॉफ्टवेअरने घडवलेली ‘सुपर एफएक्स’ चिप थेट गेमच्या कार्ट्रिजमध्ये बसवली होती.

कॉम्प्युटरच्या जगात या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे जर्मनीतल्या क्रायटेक कंपनीचा ‘क्रायसिस’ (नोव्हेंबर 2007). या कंपनीचे नाव झाले तेच ‘एक्स-आयल’ या डायनासोरांच्या बेटाच्या डेमोमुळे. ग्राफिक्स कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने तो आपल्या कार्डांच्या प्रचाराला वापरला आणि त्यातून पुढे 2004 चा ‘फार क्राय’ निघाला. ‘क्रायसिस’मध्ये गोळी लागेल तिथे झाड तुटते. कोपऱ्या-कपारीत, पानांच्या खाली, दगड जमिनीला टेकतो तिथे एक मऊ सावली साचते. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याच्या आसपासची खोली तपासून ती काढलेली असे. ही पद्धत आधी या गेमने वापरली आणि नंतर ती सर्वत्र पसरली. ‘क्रायसिस चालेल का?’ हा प्रश्न नव्या कॉम्प्युटरचा जणू मापदंडच झाला. 2020 च्या नव्या आवृत्तीत कंपनीने सर्वांत वरच्या ग्राफिक्स दर्जाला याच प्रश्नाचे नाव दिले.

मात्र पुढची कित्येक वर्षे महागडे कॉम्प्युटरही या गेमपुढे अडखळत राहिले, त्याला कारण होते. प्रोसेसरच्या एकाच कोअरचा (हिशेब करणाऱ्या भागाचा) वेग असाच वाढत जाईल असे धरून तो लिहिला होता. चिप बनवणाऱ्यांनी प्रत्यक्षात कोअरची संख्या वाढवली, आणि त्या जादा कोअरना या गेममध्ये पुरेसे काम नव्हते. भविष्याच्या यंत्रासाठी लिहिताना हा धोका असतोच.

चित्रांपेक्षा हाताला काय जाणवते यावर बेतलेले गेम सामान्य माणसाला अधिक भिडले. 2006 चा ‘वी स्पोर्ट्स’ जपानबाहेर बहुतेक ठिकाणी वी कन्सोलबरोबरच मिळे. रॅकेट फिरवावी तसा रिमोट फिरवायचा, एवढे सांगितले की आजीही खेळायला उभी राहू शके. त्याच्या 8 कोटींहून अधिक प्रती घरोघरी पोचल्या. प्लेस्टेशन 5 मध्ये आधीपासून भरलेला ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ (2020) कंट्रोलरच्या कंपनांतून वाळू, बर्फ आणि पाऊस यांतला फरक तळहाताला कळवतो.

2005 च्या ई3 या व्हिडिओ गेमच्या मेळ्यात सोनीने प्लेस्टेशन 3 च्या नावावर दाखवलेली ‘किलझोन’ची चित्रफीत आधीच रेंडर केलेली, म्हणजे त्या यंत्रावर न चालवता तयार करून ठेवलेली निघाली, तेव्हा खेळाडू संतापले आणि ते योग्यच होते. ज्या यंत्राच्या नावावर दाखवायचे त्याच यंत्रावर ते चालले पाहिजे, ही किमान अपेक्षा आहे. 2019 चा ‘क्वेक 2 आरटीएक्स’ या बाबतीत प्रामाणिक ठरतो. 1997 चा जुनाच गेम, पण प्रकाशकिरणांचा माग काढून उजळलेला. पहिले तीन टप्पे फुकट, त्यामुळे फरक ज्याने त्याने आपल्या कार्डावर ताडून पाहावा.

यंत्राशी इतके घट्ट बांधलेले गेम जतन करणे मात्र अवघड असते. निन्टेन्डोचा ‘डक हंट’ (1984) हा प्रकाश ओळखणाऱ्या बंदुकीसाठी काढला होता. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या अनेक घरांत निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलच्या नकली यंत्रांबरोबर, कॅसेटमधून, बदकांचा हा खेळ आला. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि नळीतल्या सेन्सरला तो दिसला तर नेम लागला. हा मेळ जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच बसतो. एलसीडीवर चित्र किंचित उशिरा उमटते आणि ट्यूबसारखे ओळीओळीने लखलखत नाही, म्हणून मूळ बंदूक आणि मूळ कॅसेट दोन्ही शाबूत असली तरी आजच्या टीव्हीवर एकही बदक पडत नाही.