मिडल स्कूलचं शिक्षक व्हायचंय? कम्युनिटी कॉलेजात नाव घालण्याआधी हे वाचा
न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांसाठी माहितीपत्रक

शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना आम्ही कागदपत्रं आणि कोर्सेसच्या निवडीबाबत मार्गदर्शन करतो. आमच्याकडे चौकशीला येणाऱ्यांत दोन गट ठळक दिसतात. एक इथेच वाढलेल्या, हायस्कूलच्या शेवटच्या एक-दोन वर्षांत असलेल्या मुलांचा. मुलाला किंवा मुलीला शिकवायचं असतं आणि घरात "आधी कॉम्प्युटर सायन्स कर, मग बघू" हे चालू असतं. दुसरा गट पुणे, नाशिक, मुंबईकडून पदवी घेऊन लग्नानंतर इकडे आलेल्या महिलांचा. मुलं शाळेत जायला लागली, आता आपलंही काही सुरू करू, असं त्यांच्या मनात असतं. दोघांचा प्रश्न मात्र एकच असतो: कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली की शाळेत शिक्षक म्हणून लागता येतं का?

नाही. अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये पूर्ण वेळ विषय शिकवायचा तर बॅचलर्स डिग्री आणि राज्याचं सर्टिफिकेट लागतं. असोसिएट डिग्री हा त्या वाटेचा पहिला, स्वस्त आणि घराजवळचा टप्पा आहे. तिची किंमत पुढची युनिव्हर्सिटी तुमची किती क्रेडिट्स (कोर्स पूर्ण केल्यावर मिळणारी अभ्यासाची एककं) कुठल्या खात्यात धरते यावर ठरते. म्हणून आम्ही सगळ्यांना उलटीकडून सुरुवात करायला सांगतो. आधी सर्टिफिकेट ठरवा, मग युनिव्हर्सिटी, मग कॉलेज आणि कोर्सेस सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात आणि एखादं सेमिस्टर वाया घालवतात.

कुठलं सर्टिफिकेट?

इथे मिडल स्कूल म्हणजे बहुतेक गावांत सहावी ते आठवी, काही ठिकाणी पाचवीपासून. मुलं अकरा ते चौदा वर्षांची. प्राथमिक शाळेसारखी एकच बाई दिवसभर सगळे विषय घेत नाही. विषयवार शिक्षक असतात आणि एकच धडा दिवसातून चार-पाच तुकड्यांना शिकवावा लागतो. सातवीच्या गणितात ऋण संख्यांचा गुणाकार येतो. ऋण गुणिले ऋण धन होतं, हा नियम आपण पाठ केला आणि पुढे गेलो. इथला सातवीतला मुलगा "का?" म्हणून विचारतो, आणि त्याला संख्यारेषेवर, कर्जाच्या हिशोबावर किंवा आकृतिबंधावरून ते दाखवता आलं पाहिजे. इंजिनिअर झालेल्या आई-बाबांनाही हे पहिल्या झटक्यात जमत नाही. विषय येणं आणि शिकवता येणं यातलं हे अंतर आधी स्वतःशी तपासून बघा. शक्य असेल तर एखाद्या शाळेत चार दिवस वर्गात मागे बसून या.

न्यू जर्सीत मिडल स्कूलकडे जाणाऱ्या दोन सरळ वाटा आहेत. पहिली वाट: बालवाडी ते सहावीचं एलिमेंटरी सर्टिफिकेट घ्यायचं आणि त्याला पाचवी ते आठवीचं विषय-स्पेशलायझेशन जोडायचं. त्यासाठी त्या विषयातली किमान १५ क्रेडिट्स आणि त्या विषयाची मिडल स्कूल प्रॅक्सिस, म्हणजे शिक्षकांसाठीची पात्रता परीक्षा, लागते. दुसरी वाट: थेट विषयाचं सर्टिफिकेट. इथे गणित, इंग्रजी अशा विषयांचं सर्टिफिकेट बालवाडीपासून बारावीपर्यंत चालतं, त्यामुळे गणितात पक्कं असलेल्याला मिडल स्कूलबरोबर हायस्कूलचंही दार उघडं राहतं. त्याला अर्थातच विषयाची क्रेडिट्स जास्त लागतात, साधारण मेजरइतकी, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाइतकी.

नुसतं एलिमेंटरीचं सर्टिफिकेट हातात असेल तर सातवी-आठवीला विषय शिकवता येत नाही. हे पदवी संपताना कळलेले लोक आमच्याकडे येतात. म्हणून ती १५ क्रेडिट्स पहिल्या दोन वर्षांतच बसवून टाका. तीन क्रेडिट्सचे पाच कोर्सेस, नाहीतर चार क्रेडिट्सचे चार. कम्युनिटी कॉलेजात ते स्वस्त पडतात. एक सावधगिरी मात्र हवी: प्रवेशावेळच्या प्लेसमेंट चाचणीत कमी पडल्यावर करायला लावतात ते रेमेडियल कोर्सेस डिग्रीत धरत नाहीत, या १५ मध्येही नाहीत.

साठ क्रेडिट्स आणि ट्रान्सफर

असोसिएट डिग्री साधारण ६० क्रेडिट्सची असते. न्यू जर्सीत १८ कम्युनिटी कॉलेजेस आहेत. आपल्या लोकांना जवळची म्हणजे एडिसनचं मिडलसेक्स, ब्रँचबर्गचं रॅरिटन व्हॅली आणि वेस्ट विंडसरचं मर्सर. २००७ च्या राज्य कायद्यानंतर कम्युनिटी कॉलेजातली एए किंवा एएस (असोसिएट इन आर्ट्स किंवा सायन्स) डिग्री राज्याच्या पब्लिक युनिव्हर्सिटीत पूर्ण ट्रान्सफर होते आणि पहिल्या दोन वर्षांचे जनरल एज्युकेशन कोर्सेस झाले असं धरतात. एएएस ही नोकरीकडे वळलेली डिग्री आहे, ती या हमीत येत नाही. फॉर्मवरचा हा एक जादा ए नीट बघा. प्रायव्हेट युनिव्हर्सिटी किंवा शेजारचं राज्य असेल तर त्यांचे करार वेगळे असतात, ते आधी लेखी मागवा.

"सगळी क्रेडिट्स घेतली" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. क्रेडिट घेतलं जातं, पण ते कुठल्या रकान्यात जातं ते महत्त्वाचं. मानसशास्त्राचा कोर्स 'फ्री इलेक्टिव्ह' म्हणून घेतला आणि तुमच्या मेजरला बालविकासाचा कोर्स हवा असेल, तर तीन क्रेडिट्स कागदावर आहेत आणि तो कोर्स पुन्हा करायचाच आहे. त्यातून शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे बहुतेक ठिकाणी दुसरा एखादा विषयही मेजर म्हणून घ्यावा लागतो, त्यामुळे रिकामी जागा फारशी उरत नाही. एनजे ट्रान्सफर या राज्याच्या वेबसाइटवर तुमचं कॉलेज आणि पुढची युनिव्हर्सिटी टाकली की कोर्सला कोर्स काय जुळतो ते दिसतं. रजिस्ट्रेशनच्या आधी ते पान छापून ठेवा. कीन, माँटक्लेअर स्टेट आणि द कॉलेज ऑफ न्यू जर्सी या तिन्ही संस्थांचं मूळ जुन्या शिक्षक-प्रशिक्षण शाळांत आहे, त्यामुळे आमचे बरेच विद्यार्थी तिकडे जातात. जीपीए (४ पैकी गुणांची सरासरी) मात्र पहिल्या सेमिस्टरपासून सांभाळा. सर्टिफिकेटसाठी साधारण ३.० ची अट आहे, आणि पहिल्या वर्षी घसरलेला जीपीए वर काढायला पुढची तीन वर्षं जातात.

पुढच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष शाळेतलं काम असतं. राज्याच्या नियमानुसार आधी किमान ५० तास वर्गानुभव, मग एका सेमिस्टरला किमान १७५ तास आणि शेवटच्या सेमिस्टरला पूर्ण वेळ शाळेत. या कामाला सहसा पगार नसतो. लहान मुलं असलेल्या आयांनी शेवटच्या सेमिस्टरचा डेकेअरचा खर्च आणि सकाळची धावपळ आत्ताच हिशोबात धरावी. त्या महिन्यांत दिवसाची दुसरी नोकरी जमत नाही.

जुन्या माहितीबद्दल एक गोष्ट. राज्याने १ जानेवारी २०२५ पासून प्रॅक्सिस कोअर ही बेसिक स्किल्सची परीक्षा काढून टाकली. बऱ्याच ठिकाणी ती अजून लिहिलेली सापडते आणि लोक तिची जाडजूड पुस्तकं विकत घेतात. विषयाची प्रॅक्सिस आहे तशीच आहे.

भारतातली पदवी आहे? मग थांबा

हा भाग आमच्या धंद्याच्या विरोधात आहे, तरी लिहितो. तुमच्याकडे बीए, बीएस्सी, बीकॉम किंवा बीई असेल तर असोसिएट डिग्रीच्या मागे लागू नका. दोन वर्षं आणि पैसे जातील आणि शेवटी तुम्ही आहात त्याच्या एक पायरी खाली पोचाल. तुमचं पहिलं काम म्हणजे पदवीचं कोर्सवार मूल्यमापन करून घेणं, तेही राज्याला चालणाऱ्या संस्थेकडून. तीन वर्षांच्या पदवीला काही संस्था पूर्ण बॅचलर्स धरतात, काही तीन वर्षांचा अभ्यास म्हणतात, म्हणून संस्था निवडताना घाई नको.

इथे दोन अडचणी हटकून येतात. एक गुणपत्रिकेची. आपल्या जुन्या एफवाय, एसवायच्या मार्कशीटवर "मॅथेमॅटिक्स पेपर १, पेपर २" एवढंच छापलेलं असतं. मूल्यमापन करणाऱ्याला तो पेपर कॅल्क्युलसचा की बीजगणिताचा हे कळायला मार्ग नसतो, आणि तो तुमची क्रेडिट्स मोघम लिहून मोकळा होतो. त्या १५ क्रेडिट्सचं गणित तिथेच फिसकटतं. त्या वर्षीचा अभ्यासक्रम कॉलेजकडून सही-शिक्क्यासह मागवा. भारतात भाऊ किंवा वडील असतील तर त्यांना कॉलेजच्या ऑफिसात प्रत्यक्ष पाठवा, ईमेलला उत्तर यायची वाट बघू नका. दुसरी अडचण नावाची. मार्कशीटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं. काहींचं पहिलं नावही लग्नात बदललेलं असतं. विवाहनोंदणीचा दाखला, आणि पहिलं नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत, हे अर्जासोबतच जोडा. फाइल अडकल्यावर शोधत बसू नका.

मूल्यमापनानंतर विषयाची क्रेडिट्स कमी पडली तर तेवढेच सुटे कोर्सेस कम्युनिटी कॉलेजात करता येतात, डिग्रीला नाव न घालता. त्यानंतर अल्टरनेट रूट: अट पूर्ण झाली की सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी मिळतं, म्हणजे नोकरी शोधण्याचा परवाना. नोकरी तुम्हालाच मिळवावी लागते. ५० तासांचं सुरुवातीचं प्रशिक्षण आधी करायचं असतं, आणि नोकरी लागल्यावर एकूण ४०० तास पूर्ण होईपर्यंत शिकवता शिकवता शिकायचं, सोबत शाळेतला एक मेंटॉर. पहिलं वर्ष दमवणारं असतं, हे आधीच सांगून ठेवतो. भारतातलं बीएड असेल तर सरावपाठ आणि इंटर्नशिपचा तपशील विद्यापीठाकडून लेखी आणा. त्याचं काय धरायचं ते राज्याचं शिक्षण खातं ठरवतं.

व्हिसा आणि पैसे

एच-फोरवर, म्हणजे एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, पूर्ण वेळ किंवा अर्धवेळ, त्यासाठी एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. पगाराची नोकरी मात्र ईएडीशिवाय, म्हणजे सरकारी कामाच्या परवान्याशिवाय, करता येत नाही, आणि २०१५ च्या नियमानुसार एच-फोरचं ईएडी जोडीदाराची आय-१४० (ग्रीन कार्डसाठीची याचिका) मंजूर असेल किंवा सहा वर्षांपलीकडचं एच-वनबी एक्स्टेन्शन मिळालं असेल तेव्हाच मिळतं. शिक्षण पूर्ण, सर्टिफिकेट हातात, आणि ईएडी नाही म्हणून घरी, अशीही उदाहरणं आहेत. एच-फोरवरच्या मुलांचं स्टेटस एकविसाव्या वर्षी संपतं. बारावीतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या चार वर्षांच्या योजनेत ही तारीख आधी लिहा. याबाबतचा सल्ला इमिग्रेशन वकिलाचाच घ्या, आम्ही देत नाही.

कम्युनिटी कॉलेजची फी त्याच काउंटीच्या (जिल्ह्याच्या) रहिवाशाला सगळ्यात कमी असते. सिटिझन किंवा ग्रीन कार्डधारक मुलांनी फाफसा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरायचाच. दोन आयटी पगारांच्या घरात त्यातून फारसं हाती लागत नाही, तरी भरा. टीच ग्रँट या शिक्षक होणाऱ्यांसाठीच्या फेडरल मदतीवर मात्र डोळे झाकून सही करू नका. वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत मिळतात, पण त्याबदल्यात पदवीनंतरच्या आठ वर्षांत किमान चार वर्षं, गरजू वस्तीतल्या शाळेत, मागणी असलेल्या विषयात शिकवावं लागतं. तसं झालं नाही तर ती सगळी रक्कम व्याजासकट कर्ज होते.

मधल्या काळातली कामं

असोसिएट डिग्रीचा लगेच होणारा उपयोग इथे आहे. टायटल वन (गरीब घरांतली मुलं जास्त असल्याने फेडरल निधी मिळणाऱ्या) शाळेत शिकवण्यात मदत करणाऱ्या पॅराप्रोफेशनलसाठी, ज्याला सगळे 'पॅरा' म्हणतात, फेडरल नियमानुसार दोन वर्षांचं कॉलेज, असोसिएट डिग्री किंवा ठरावीक परीक्षा यांपैकी एक लागतं. न्यू जर्सीत सबस्टिट्यूटचा, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी शिकवण्याचा, परवाना ६० क्रेडिट्सवर मिळतो. भारतीय पदवीच्या मूल्यमापनातून ६० क्रेडिट्स निघाली आणि ईएडी असेल, तर सबस्टिट्यूट म्हणून लवकरच सुरुवात करता येते. बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी दोन्हींसाठी असते. यात पैसा थोडा, पण मुख्याध्यापक तुम्हाला वर्गात बघतात, आणि पुढे जागा निघाली की त्याचा उपयोग होतो. रविवारच्या मराठी शाळेत शिकवत असाल तर तेही अर्जात लिहा. ते राज्याच्या तासांत धरलं जात नाही, पण मुलाखतीत बोलायला खरा अनुभव असतो.

दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर

आपल्याकडे नोकरीमुळे राज्य बदलणं नेहमीचं. सर्टिफिकेट आपोआप सोबत येत नाही आणि इयत्तांची विभागणीही बदलते. टेक्सास आणि जॉर्जियात मिडलसाठी चौथी ते आठवीचं सर्टिफिकेट आहे. टेक्सास आणि मेरीलँडच्या कम्युनिटी कॉलेजांत खास शिक्षकांसाठीची एएटी नावाची असोसिएट डिग्री असते. बदलीची चर्चा घरात सुरू असेल तर ट्रान्सफरच्या आधी आम्हाला सांगा, नंतर नको.

आमच्याकडे काय मिळतं

कागदपत्रांची तपासणी, मूल्यमापन संस्थेची निवड, कोर्सला कोर्स जुळवलेला चार वर्षांचा आराखडा आणि युनिव्हर्सिटीच्या ॲडव्हायझरला विचारायचे प्रश्न. कुठल्याही कॉलेजकडून आम्ही कमिशन घेत नाही. प्रवेशाची, सर्टिफिकेटची किंवा नोकरीची हमी देत नाही, आणि कुणी देत असेल तर तिथून उठून या. पहिली भेट विनाशुल्क. येताना हायस्कूल ट्रान्सक्रिप्ट किंवा सगळ्या वर्षांच्या मार्कशीट्स, पासपोर्टचं पहिलं पान आणि व्हिसाचा कागद आणा. स्कॅन पुरेत, मूळ प्रती घरीच ठेवा. पुढच्या फॉल सेमिस्टरसाठी यायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत या, कारण भारतातून अभ्यासक्रमाची प्रत यायला दोन-तीन महिने सहज लागतात.