झाडपाल्याचंच तर आहे!

"झाडपाल्याचंच तर आहे, गुण नाही आला तरी अपाय नक्कीच नाही." कॅन्सरच्या पेशंटला असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. यातला उत्तरार्ध मला जास्त खटकतो. विंक्रिस्टीन हे केमोचं औषध सदाफुलीतूनच काढतात, आणि एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण ते मज्जातंतूंवर उठतं.

आता सेंट जॉन्स वर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती घ्या. सौम्य नैराश्यात तिचा उपयोग होतो, हे चाचण्यांमध्ये दिसलेलं आहे. त्यामुळे आजारपणाने खचलेला माणूस तिच्याकडे वळला तर नवल नाही. पण तिच्यातलं हायपरफोरिन यकृताच्या पेशीत शिरून पीएक्सआर नावाच्या प्रथिनाच्या खाचेत बसतं. ही खाच मोठी ऐसपैस आणि लवचीक. नाना आकारांचे परके रेणू तिच्यात मावतात. रेणू बसला की पीएक्सआर आरएक्सआर या जोडीदाराला घेऊन डीएनएवर ठरावीक जागी चिकटतो आणि सीवायपी३ए४ या विकराचं (म्हणजे एन्झाइमचं) जनुक जोरात चालू होतं. हा विकर कितीतरी औषधांची मोडतोड करतो. पेशीने तयारी केली वनस्पतीच्या रेणूसाठी, आणि तिच्या तडाख्यात सापडलं कॅन्सरचं औषध!

२००२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी इरिनोटेकान हे केमोचं औषध घेणाऱ्या ५ पेशंटांमध्ये हे मोजलं. वनस्पती सोबत असताना औषधाच्या सक्रिय रूपाचं रक्तातलं प्रमाण ४२ टक्क्यांनी घटलं. पेशंट पाचच, पण मला यातली दुसरी नोंद फार महत्त्वाची वाटते: केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, त्याही एरवीपेक्षा कमी घसरल्या. म्हणजे पेशंट म्हणणार, "बघा, या काढ्याने केमो सोसायला लागली!" सोसायला लागली, कारण औषधच कमी पोचत होतं. चमत्काराच्या किती कहाण्या अशा जन्मत असतील?

सगळंच टाकाऊ, असं मात्र नाही. थकवा आणि झोपेसाठी योगासनं उपचारांच्या जोडीने जरूर करावीत. आसनं काही सीवायपी३ए४ वाढवत नाहीत. आणि असं काही पोटात घेत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. "केमोच्या दिवशी सकाळी बंद केलं" एवढ्याने भागत नाही, कारण वाढलेला विकर पूर्वपदावर यायला एक-दोन आठवडे लागतात.