आत्याची वही आणि मेथीची भाजी

आमच्या आत्याच्या कपाटात पोथीशेजारी एक शंभरपानी वही असते. तीत चार रकाने आखलेत: तारीख, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा), गोळी किती, आणि शेवटचा "विशेष". लहानपणच्या रुमॅटिक तापाने तिच्या हृदयाची झडप खराब झाली. चाळिशीत धातूची झडप बसवली आणि तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तेव्हापासून रोज संध्याकाळी असेनोकुमेरॉलची गोळी चालू आहे. कधी एक, कधी दीड. अर्धी करायला ती भाजीची विळी नाही, औषधाच्या दुकानातलं गोळी कापायचं डबीवजा यंत्र वापरते, कारण विळीवर गोळीचा भुगा होतो आणि अर्धी ती अर्धी राहत नाही.

सगळे या गोळीला "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतात. खरं तर रक्त पातळ होत नाही, गुठळी व्हायला लागणारा वेळ वाढतो. गुठळी बांधणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात, आणि त्यांतल्या चारांना कामाचं करायला व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलं गेलेलं के शरीर फेकून देत नाही, दुरुस्त करून पुन्हा वापरतं. गोळी नेमकी ही दुरुस्ती अडवते. आधीपासून रक्तात असलेली प्रथिनं मात्र आपापल्या गतीने संपतात. एक काही तासांतच निम्म्यावर येतं, दुसऱ्याला अडीच दिवस लागतात. म्हणून काल डोस बदलून आज रक्त तपासलं तर त्या बदलाचा पूर्ण अंदाज येत नाही.

या औषधाची सुरुवात गोठ्यात झाली. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात न गोठणाऱ्या रक्ताचा डबा आणि सडलेला चारा घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. बुरशी आलेला तो चारा खाऊन त्याची जनावरं रक्तस्रावाने मरत होती. लिंक यांच्या गटाने त्यातलं द्रव्य वेगळं केलं. त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना दिलं जाऊ लागलं. असेनोकुमेरॉल त्याचंच भावंड.

आता मेथीकडे येतो. ऑपरेशननंतर आत्याला कुणीतरी सांगितलं, "हिरवी भाजी बंद," कारण पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर असतं. सोलापूरच्या बाईला हे सांगायचं म्हणजे हिवाळ्यात जेवूच नको म्हणण्यासारखं. मेथी, शेपू, अंबाडी, चुका, सगळं तिने सोडलं. शेंगाचटणीसुद्धा सोडली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण शेंगदाण्यात व्हिटॅमिन के नगण्य असतं. एवढं पथ्य पाळूनही आयएनआर कधी १.६, कधी ४.८. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी पोटभर जेवली की पुढची तपासणी हमखास खाली.

याचं कारण विहिरीच्या दाखल्याने समजतं. पाणी भरपूर असलं तर एक घागर ओतली काय, काढली काय, पातळी हलत नाही. तळ गाठलेल्या विहिरीत तीच घागर दिसून येते. हिरवी भाजी अजिबात न खाणाऱ्याच्या शरीरात के चा साठा तळाला असतो, मग एका वाटीनेही गणित बिघडतं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे पडताळून पाहिलं. कारण नसताना आयएनआर वरखाली होणाऱ्या ७० रुग्णांपैकी काहींना त्यांनी रोज १५० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. २००७ मध्ये निष्कर्ष आले: के मिळालेल्यांचा आयएनआर जास्त स्थिर झाला. पुढच्या अभ्यासांत फायदा इतका ठळक दिसला नाही, त्यामुळे के च्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. पण भाजी सोडण्याच्या सल्ल्याला आधार उरलेला नाही. आत्या आता आठवड्यातून तीनदा पालेभाजी खाते, वाटी ठरलेली, बारा महिने. हा बदल डॉक्टरांना सांगून, दर आठवड्याला तपासणी करून केला, कारण भाजी वाढली की गोळीही थोडी वाढवावी लागते.

आयएनआर म्हणजे नेमकं काय? निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं, त्याने रक्त गोठायचं थांबतं. नळीवरच्या खुणेपर्यंत रक्त भरलंच पाहिजे. कमी भरलं तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि आकडा खोटा चढतो. आत्या सुई निघायच्या आत नळीकडे बघते, आणि योग्य करते. पुढे लॅबमध्ये गुठळी व्हायला किती सेकंद लागले ते मोजतात. प्रत्येक कंपनीचं रसायन वेगळं, त्यामुळे सेकंद जुळत नसत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये त्यावर एकसारखं प्रमाण बसवलं, तेच आयएनआर. मायट्रल जागेवर (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) धातूची झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५ मध्ये राहायचं.

"एवढी कटकट कशाला, नवीन गोळ्या आल्यात ना, तपासणी नको की पथ्य नको," असं शेजारी आत्याला सांगतात. अनेक रुग्णांना त्या गोळ्या खरोखर सोयीच्या आहेत. तिच्यासारख्यांना नाहीत. धातूची झडप असलेल्या २५२ रुग्णांवर या नवीन गोळ्यांपैकी डाबिगाट्रानची चाचणी झाली. ती गोळी घेणाऱ्या ९ जणांना पक्षाघात झाला, वॉरफरिन घेणाऱ्यांत एकालाही नाही. रक्तस्रावही जास्त, म्हणून चाचणी मधेच थांबवावी लागली. रुमॅटिक आजाराने झडप खराब होऊन हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांची मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतासह २४ देश, बहुसंख्य बायका, सरासरी वय पन्नाशीचं. रिव्हरोक्सबान ही दुसरी नवीन गोळी घेणाऱ्यांत ५५२ मृत्यू, जुन्या गोळ्यांवर ४४२. चाचणीत शिरताना जुन्या गोळीवरच्या फक्त ३३ टक्के लोकांचा आयएनआर टप्प्यात होता, नियमित तपासणीने तो पुढे ५६ ते ६५ टक्क्यांवर गेला. मला यातला हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. जुनी, स्वस्त गोळी जिंकली ती महिन्याच्या महिन्याला कुणीतरी मोजत असताना.

घरच्या घरी बोटातून थेंब घेऊन मोजायची यंत्रंही आहेत. २०१२ मध्ये ११ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा स्वतः मोजणाऱ्यांत गुठळ्यांचे प्रसंग निम्म्यावर आलेले दिसले. पट्ट्या महाग आहेत, तरी पंचावन्नच्या आतल्या, धातूची झडप असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून तरी बघावं.

आत्याची वही खरी उपयोगी पडली ती आषाढीला. पंढरपूरला गेली, तिथे जुलाब लागले. जेवण तुटलं की के तुटतं आणि आयएनआर चढतो. त्यात कुणी जुलाबावर मेट्रोनिडाझोल दिलं तर आणखीच, कारण ती गोळी आत्याच्या गोळीला शरीरात साठू देते. अंगदुखीला डायक्लोफेनॅक घेतलं तर पोटातून रक्तस्रावाची भीती वेगळी. तिने दुकानदारापुढे वही ठेवली, काहीच घेतलं नाही, ओआरएस पीत सोलापूरला परतली आणि त्याच दिवशी तपासणीला रक्त दिलं. आयएनआर ५.१. डॉक्टरांनी एक डोस थांबवला, शौच काळी होते का, लघवीत लाल दिसतं का विचारलं, डोक्याला मार लागला तर जखम नसली तरी थेट दवाखान्यात या म्हणाले. चौथ्या दिवशी पुन्हा तपासणी.

त्या तारखेसमोर "विशेष" मध्ये तिच्या अक्षरात लिहिलंय: जुलाब ३ दिवस. भाजी नाही. दर्शन झालं.